पूररेषा म्हणजे नदीची हद्द

दुष्काळी मुलखांत पुराची चर्चा करणें म्हणजे उपाशी माणसास अजीर्णाचें पथ्य सांगण्यासारखें आहे, असें कोणी म्हणेल. श्रीगोंदे तालुका अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो. वर्षाकाठीं पांचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. कालव्याचें आवर्तन केव्हां सुटणार, हीच येथील उन्हाळ्यांतील पहिली वार्ता. अशा ठिकाणच्या वाचकांस "घर बांधण्यापूर्वीं पूररेषा पाहा" असें सांगणें वरवर विपरीत दिसेल. परंतु आमचें म्हणणें असें कीं, ही सूचना कोंकणापेक्षां या मुलखास अधिक लागू आहे. जेथें दरसाल पाणी चढतें तेथें लोक तें विसरत नाहींत. जेथें तें दहा-वीस वर्षांनीं चढतें तेथें एक पिढी तें पाहते, दुसरी ऐकते आणि तिसरी त्या जागेवर घर बांधते.

तालुक्याचा नकाशा पुढें घेतला म्हणजे ही गोष्ट चटकन् ध्यानांत येईल. दक्षिणेच्या सीमेवरून भीमा वाहते. पलीकडच्या तीरावर दौंड. पश्चिमेकडून घोड येते व या तालुक्याच्या हद्दीवर भीमेस मिळते. भीमा उगम पावते भीमाशंकराच्या अरण्यांत. घोड आंबेगांव तालुक्यांतील सह्याद्रीच्या माथ्यावर. घोडेस मिळणारी कुकडी जुन्नरच्या डोंगरांत. इंद्रायणी तुळापुरास भीमेस मिळते आणि पुण्याची मुळा-मुठा रांजणगांव सांडसापाशीं. म्हणजे श्रीगोंद्याच्या दाराशीं जें पाणी येतें त्यांत श्रीगोंद्याचा पाऊस थोडा आणि घाटमाथ्याचा फार. आपल्या अंगणांत धूळ उडत असतां, डोक्यावर स्वच्छ ऊन असतां, नदी दुथडी भरून वाहूं शकते. आभाळाकडे पाहून पुराचा अंदाज बांधण्याची जी सोय डोंगरांतील माणसास असते, ती आपणांस नाहीं.

वरच्या अंगास धरणें झाल्यापासून आणखी एक भूल पडली आहे. घोडेवर डिंभें, कुकडीवर माणिकडोह व येडगांव, भीमेवर चासकमान, मुठेवर खडकवासला; आणि अगदीं आपल्या उशाशीं चिंचणीचें घोड धरण, जें १९६५ च्या सुमारास पुरें झालें. या धरणांनीं श्रीगोंद्यास ऊंस दिला, पिण्याचें पाणी दिलें, हें उपकार आम्ही विसरत नाहीं. परंतु त्यांच्यामुळें धरणाखालचीं पात्रें वर्षांतील बहुतेक महिने कोरडीं राहतात व लहानसहान पूर दिसेनासे झाले. लहान पूर हे नदीचे निरोप असतात. ते बंद पडले म्हणजे मनुष्य निर्धास्त होतो. पण धरण रिकामें असेल तोंवरच तें पूर गिळतें. श्रावण-भाद्रपदांत तें तुडुंब भरलें कीं वरून जितकें येईल तितकें खालीं सोडण्यावांचून गत्यंतर नसतें. लहान पूर धरणांनीं थांबविले, मोठे थांबविलेले नाहींत, एवढा भेद ज्यानें मनांत ठेविला त्यास पूररेषेचें निम्में शास्त्र कळलें.

आमच्या पूर्वजांना हें शास्त्र आकड्यांवांचून ठाऊक होतें. गांवाची जमीन 'पांढरी' आणि 'काळी' अशी विभागलेली असे. पांढरी म्हणजे वस्तीची, बहुधा उंचवट्यावरची; काळी म्हणजे शेताची. नदीच्या गाळाची मळई पिकासाठीं उत्तम, म्हणून ती पेरीत, पण तिच्यावर घर बांधीत नसत. पेडगांवास भीमेच्या कांठीं बहादूरगड आहे. छत्रपति संभाजीमहाराजांना १६८९ सालीं कैद करून जेथें आणलें तोच हा गड. तेथें हत्तींच्या मोटेनें नदीचें पाणी वर चढवीत, त्याचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. पाणी हवें म्हणून मनुष्यानें पाण्यांत उतरून राहावयाचें नाहीं, पाण्यास आपल्याकडे वर आणावयाचें, हा त्या मोटेचा धडा आहे.

संस्कृत वाङ्मयांतही या विषयाच्या खुणा आहेत. गंगेच्या संबंधांत धर्मनिबंधकारांनीं नदीच्या गर्भाची व तीराची व्याख्या करून ठेविली आहे. भाद्रपद कृष्ण चतुर्दशीस पाणी जेथवर पोंचतें तेथवर नदीचा 'गर्भ'. त्यापुढें दीडशें हातपर्यंत 'तीर'. आणि तीरापासून दोन कोसपर्यंत 'क्षेत्र'. ही व्याख्या दानप्रतिग्रहादि धर्मकृत्यांच्या निर्णयासाठीं केलेली आहे, घरें बांधण्याच्या परवान्यांसाठीं नव्हे, हें आम्ही स्पष्ट सांगून ठेवितों; पुराणांत विमानें शोधणाऱ्यांच्या पंक्तीस बसण्याची आमची इच्छा नाहीं. तथापि एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. नदीची मोजणी त्यांनीं चैत्रांत केली नाहीं, भाद्रपदांत केली. नदी कृश असतां तिचें माप घेणें म्हणजे लंघन केलेल्या माणसाच्या अंगावर अंगरखा बेतणें होय. कौटिल्य तर याहून व्यवहारी. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत तो सांगतो कीं, नदीकांठच्या गांवांनीं पावसाळ्यांत पुराची वेला सोडून दूर राहावें आणि लांकडें, वेळू व नावा जवळ बाळगाव्या. बुडणाऱ्यास साह्य न करणाऱ्यास त्यानें बारा पणांचा दंडही सांगितला आहे. ज्याच्याजवळ तरण्याचें साधन नाहीं, त्यास मात्र त्यांतून वगळलें आहे.

आतां आजचा नियम काय आहे तें पाहूं. १९७५ सालीं केंद्र सरकारनें पूरक्षेत्रांच्या नियमनासाठीं एक नमुना-विधेयक तयार करून सर्व राज्यांकडे धाडलें. मणिपुरानें १९७८ त, राजस्थाननें १९९० त व उत्तराखंडानें २०१२ त तसे कायदे केले. बहुसंख्य राज्यांनीं तें कागद दप्तरीं ठेवले. महाराष्ट्रानें स्वतंत्र कायद्याचा मार्ग न धरतां १९८९ च्या सप्टेंबरांत पाटबंधारे खात्याच्या परिपत्रकानें दोन रेषा ठरविल्या. पहिली निळी. पंचवीस वर्षांतून एकदां येण्याजोगा पूर, किंवा नदीच्या पात्राची जी वाहून नेण्याची शक्ति असेल तिच्या दीडपट पाणी, यांपैकीं जें अधिक असेल तें जेथवर पसरेल ती निळी रेषा. तिच्या आंत निषिद्ध क्षेत्र. दुसरी लाल. शंभर वर्षांतून एकदां येण्याजोगा पूर जेथवर पसरेल ती लाल रेषा. निळी व लाल यांच्या दरम्यान नियंत्रित क्षेत्र.

निषिद्ध म्हणजे ओसाड, असा कित्येकांचा समज आहे, तो चुकीचा आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणें निळ्या रेषेच्या आंत बागा, मोकळीं मैदानें, ओट्यांचा उघडा भाजीबाजार, वाहनतळ, स्मशानभूमि इत्यादि उपयोग करतां येतात. शेती तर पूर्वापार चालतच आलेली आहे. उन्हाळ्यांत धरणाचें पाणी ओसरलें कीं उघड्या पडलेल्या गाळावर पेरा करण्याची 'गाळपेर'ही पद्धत तर भीमाकांठच्या शेतकऱ्यांच्या अंगवळणीं पडलेली आहे. पाणी आलें कीं मागें सरावयाचें, गेलें कीं पुढें व्हावयाचें. गाळपेर करणाऱ्यास पूररेषा समजावून सांगावी लागत नाहीं. ती समजावून सांगावी लागते ती आम्हां शिकलेल्या, पक्क्या भिंतींच्या लोकांना.

नियंत्रित क्षेत्रांत बांधकामास बंदी नाहीं; तेथें तें लाल रेषेच्या पातळीपेक्षां निदान ०·४५ मीटर, म्हणजे सुमारें दीड फूट, उंच असलें पाहिजे. जुन्या, परवानगीनें बांधलेल्या घरांची निळ्या रेषेच्या आंत फेरउभारणी करावयाची झाल्यास तीही याच उंचीच्या अटीवर होऊं शकते. भूखंडाचा कांहीं भाग रेषेच्या आंत गेला तर त्या भागाचें चटईक्षेत्र उरलेल्या भागांत वापरूं देण्याची तरतूदही नियमावलींत आहे. एवढें पाहिल्यावर हा नियम क्रूर आहे, असें म्हणवत नाहीं.

आतां आम्ही वाचकांकडून थोडें गणित करून घेणार आहों. तीस-पस्तीस वर्षें फळ्यापुढें उभें राहिलेल्या माणसाची ही खोड जात नाहीं. 'पंचवीस वर्षांतून एकदां' हे शब्द ऐकून सामान्य मनुष्य असें समजतो कीं, यंदां पूर येऊन गेला, म्हणजे आतां पंचवीस वर्षें चिंता नाहीं. नदीच्या घरीं अशी पाळी लावलेली नसते. त्या शब्दांचा अर्थ इतकाच कीं, प्रत्येक वर्षीं तसा पूर येण्याचा संभव शंभरांत चार. म्हणजे न येण्याचा संभव शंभरांत शहाण्णव. आतां घर एका वर्षासाठीं बांधीत नाहींत. सेवानिवृत्तीच्या पैशांतून बांधलेलें घर निदान तीस वर्षें उभें राहावें, अशी अपेक्षा असते. तर तीस वर्षें सतत पूर न येण्याचा संभव काढण्यासाठीं ०·९६ हा आंकडा तीस वेळां आपल्याशींच गुणावा. उत्तर येतें ०·२९. म्हणजे तीस वर्षांत एकदां तरी घरांत पाणी शिरण्याचा संभव शंभरांत सुमारें एकाहत्तर! लाल रेषेवरील घरासाठीं हेंच गणित ०·९९ घेऊन केलें तर संभव येतो शंभरांत सव्वीस. शंभर वर्षांतून एकदां हें ऐकावयास फार दूरचें वाटतें. परंतु कर्जाचे हप्ते फेडून होण्याच्या आंत तो दिवस उजाडण्याचा संभव रुपयांत चार आण्यांहून थोडा अधिकच आहे. कोल्हापूर-सांगलीच्या लोकांनीं २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर सोळा वर्षांत पाहिले. 'एवढें पाणी आतां पुन्हां आमच्या हयातींत नाहीं', असें तेथें किती घरांत म्हटलें गेलें असेल!

या रेषांविरुद्ध आक्षेप घेणारे लोक मूर्ख अथवा स्वार्थी असतात, असें आम्हांस मुळींच सुचवावयाचें नाहीं. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळुणांत रेषांचा प्रश्न उभा राहिला, तेव्हां गांवाचा फार मोठा भाग त्यांत येतो असें दिसून तेथील नागरिकांनीं जोरदार विरोध केला. आधीं वाशिष्ठीचा गाळ काढा, मग आमच्या दारांत रेषा ओढा, असें त्यांचें म्हणणें. पिढ्यान्‌पिढ्या वसलेली बाजारपेठ उचलून डोंगरावर नेतां येत नाहीं. रेषेच्या आंत आलेल्या घराची किंमत एका रात्रींत उतरते. तारण ठेवावयास गेलें तर अडचण. हें दुःख खरें आहे. शिवाय गरीब मनुष्य नदीला चिकटून राहतो तो हौसेनें नव्हे. त्यास परवडणारी जागा तीच असते. त्यास 'तूं निषिद्ध' असें सांगून मोकळें होणारें शासन अर्धेंच काम करतें. दुसरी जागा दाखविणें हें उरलेलें अर्धें काम आहे, व तें अधिक महत्त्वाचें आहे.

पण चिपळूणचें उदाहरण श्रीगोंद्याने वेगळ्या नजरेनें पाहावें. तेथें गांव आधीं आणि रेषा मागून आली, म्हणून रेषा सुरीसारखी भासली. आपल्या तालुक्यांत भीमा-घोडेच्या कांठीं अजून बहुतांशीं ऊंस उभा आहे, इमारती नाहींत. आज ही रेषा पाळावयाची तर उसाच्या एका सरीचेंही नुकसान होत नाहीं. वीस वर्षांनीं, त्या उसाच्या जागीं घरें उठल्यावर, तीच रेषा शेंकडों कुटुंबांच्या माजघरांतून जाईल आणि मग तिचें रक्षण करावयास कोणी राजकारणी पुढें येणार नाहीं. अमेरिकेंतही १९६८ च्या कायद्यानें पूरविम्याची योजना निघाली, तेव्हां जे गांव आपल्या पूरक्षेत्रांतील बांधकामांवर नियम घालील त्यासच विम्याचा लाभ, अशी अट ठेवण्यांत आली. गिल्बर्ट व्हाइट या भूगोलज्ञानें १९४५ सालींच मांडलें होतें कीं, केवळ बांध घालून भागत नाहीं, माणसानें आपली वागणूकही नदीस अनुरूप केली पाहिजे. सत्तरांहून अधिक वर्षें झालीं, तरी ही साधी गोष्ट जगास प्रत्येक पुरानंतर नव्यानें शिकावी लागते.

मोठ्या नद्यांचें एवढें झालें. परंतु गांवांतील लहान ओढ्यांकडे दुर्लक्ष करूं नये. श्रीगोंदे शहरालगत सरस्वती वाहते. वर्षांतील बराच काळ तिला नदी म्हणावें कीं नाहीं असा प्रश्न पडावा, अशी तिची अवस्था असते. अशाच एका ओढ्याचें नांव पुण्याचा आंबिल ओढा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं तो एकाएकीं फुगला व पुणें परिसरांत वीसांहून अधिक माणसें त्या रात्रीच्या पुरांत दगावलीं. तेथें सह्याद्रीचें पाणी नव्हतें, धरणाचा विसर्ग नव्हता. दोन-चार तासांचा ढगफुटीसारखा पाऊस आणि भिंतींनीं आवळलेलें पात्र, एवढेंच कारण पुरलें. भीमेचा पूर निदान वरून वर्दी देऊन येतो; ओढ्याचा पूर दार ठोठावीतही नाहीं. नदीच्या पाण्याच्या कांठापासून १५ मीटर व नाल्यापासून ९ मीटर जागा सोडण्याचा जो नियम आहे तो अशा ठिकाणीं काटेकोरपणें पाळला पाहिजे. ओढ्यावर स्लॅब टाकून वर दुकानें काढणें हा आज सर्वत्र प्रगतीचा मार्ग समजला जातो. तो मार्ग पाण्याचा होता, हें पाणी विसरत नाहीं.

आतां आमच्या वाचककुटुंबांस प्रत्यक्ष उपयोगी पडतील अशा दोन-चार गोष्टी सांगून लेखणी आवरतों.

जागा घेतांना सातबारा पाहण्याची आपली रीत चांगली आहे; पण सातबाऱ्यावर मालकाचें नांव असतें, नदीची हद्द त्यावरून कळत नाहीं. ती पाहावयाची तर नगरपरिषदेचा विकास आराखडा, झोनदाखला व जलसंपदा विभागानें आखलेला पूररेषेचा नकाशा असेल तर तो, हे तीन कागद मागावे. रेषा आंखलेली नसेल तर 'नाहीं' याचा अर्थ 'भय नाहीं' असा घेऊं नये. गांवांतील वडीलधाऱ्यांस, विशेषतः नदीवर ज्यांचें आयुष्य गेलें त्या कोळी-भोई मंडळींस, विचारावें कीं, पाणी कोठवर आलेलें पाहिलें. झाडांच्या बुंध्यांस अडकलेला काडीकचरा, विहिरीच्या कांठावरील गाळ, हे साक्षीदार लांच घेत नाहींत. आणि जागा पाहावयास जावयाचें तें मे महिन्यांत नव्हे, भाद्रपदांत जावें.

दुसरी गोष्ट थोडी नाजूक आहे, पण ती बोलल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. आमच्यांतील कित्येक कुटुंबांच्या वडिलोपार्जित जमिनी नदीकांठीं आहेत. कर्तीं माणसें पुण्यास, मुंबईस अथवा परदेशीं. शेती कोणी पाहत नाहीं, म्हणून ती जमीन गुंठ्यागुंठ्यांनीं विकावी, असा विचार घरोघर चालू असतो. विकण्यास आमची हरकत नाहीं. परंतु तिचे गुंठे पाडतांना त्यांतील कोणता तुकडा पाण्याखालीं जातो, हें विकणाऱ्यास बहुधा ठाऊक असतें, घेणाऱ्यास नसतें. घेणारा असतो एखादा कारखान्याचा कामगार, एखादा शिपाई, एखादी शिवणकाम करून पै-पै सांठविणारी बाई. ज्या तुकड्यावर आपण स्वतःच्या मुलीचें घर बांधूं देणार नाहीं तो तुकडा दुसऱ्याच्या मुलीस घराची जागा म्हणून विकणें कायद्यांत कदाचित् बसेल, धर्मांत बसत नाहीं. असा तुकडा शेत म्हणूनच विकावा, अथवा गांवास क्रीडांगणासाठीं, बागेसाठीं द्यावा. किंमत कमी येईल. ती कमी येणें हेंच न्याय्य आहे.

तिसरी गोष्ट गांवानें करावयाची. प्रत्येक पुराच्या वेळीं पाणी जेथवर चढेल तेथें दगडावर सालासह खूण करून ठेवावी. शाळेंतील मुलांकडून तें काम करून घेतलें तर भूगोलाचा याहून चांगला पाठ नाहीं. नकाशावरची निळी रेषा सामान्य माणसास दिसत नाहीं. चावडीजवळच्या दगडावर कोरलेली रेघ अंगठाबहाद्दरासही वाचतां येते. एका पिढीनें पाहिलेलें पाणी तिसऱ्या पिढीस दिसावें, याची याहून स्वस्त युक्ति आम्हांस ठाऊक नाहीं. ग्रामसभेनें ठराव केला तर एका गवंड्याचा एका दिवसाचा रोज, एवढाच काय तो खर्च. आणि पुढचा पूर ओसरतांच, चिखल वाळण्याच्या आंत, तो करून टाकावा.